घरचा फाइल सर्व्हर रखडतोय? आधी आकडा वाचा

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या आत्याचा फोन आला. "अरे, तुझा तो डबा फोटो द्यायला तास-तास लावूलालाय. नुसता चक्र फिरूलालाय बघ."

डबा म्हणजे मीच तिच्या माडीवर लावून दिलेला फाइल सर्व्हर. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि सांबा (त्यावरच्या फायली घरातल्या बाकी संगणकांना नेटवर्कवरून देणारं सॉफ्टवेअर), शेजारी चार टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क. आतेभावाच्या लग्नाचे फोटो, मामंजींच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आणि १९५६ च्या आधीच्या, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाच्या, जमिनीच्या मराठी कागदांचे स्कॅन त्यावर असतात. ए-फोर कागद ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवला तर एक पान शंभर एमबीच्या घरात जातं. असला ऐवज हलवायचा तर वेग लागतोच.

मी एवढंच विचारलं, "कॉपी करताना आकडा किती दिसतो?" आत्याने चष्मा शोधून सांगितलं, "अकरा पॉइंट दोन." निदान मला तिथेच, फोनवर झालं. निदान निम्मंच होतं, हे तिच्या घरी गेल्यावर कळलं. ते पुढे येईल.

आधी हिशेब. नेटवर्कवाले वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १००० मेगाबिटच्या गिगाबिट लाइनवर कागदावर १२५ एमबी, आणि मधला प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता सेकंदाला ११० ते ११८ एमबी हातात पडतात. १०० मेगाबिटच्या लाइनवर कागदावर १२.५ आणि प्रत्यक्षात ११ ते ११.८. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट आहे, पण त्यावरची डिस्क ३५ ते ४० एमबीच्या वर सहसा जात नाही. हे तीन आकडे पाठ करा: अकरा, अडतीस, एकशेदहा. घरगुती सर्व्हरच्या निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या अनुभवात पहिल्या दोन आकड्यांपाशी येऊन थांबतात. अकरावर अडकलं तर तार बघा, अडतीसच्या आसपास अडकलं तर यूएसबी. आकडा सतत वरखाली होत असेल तर वायफाय, डिस्क किंवा खूप बारीक फायली.

इंटरनेटच्या प्लॅनचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकतो. लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच घरात असतील तर फाइल घराबाहेर जातच नाही. आतेभावाने मला फोन करण्याआधी प्लॅन १०० चा ३०० करून घेतला होता. आकडा अकराचा अकराच.

मोजायचं कसं

उसाला पाणी पोचत नसेल तर आपण एकदम मोटर बदलत नाही. विहिरीपासून चालत जातो, कुठे पाइप फुटलाय, कुठे पाटाला भगदाड पडलंय ते बघत. इथेही तसंच करायचं. डिस्क, सर्व्हरची पेटी, तार, आणि सांबा ही चार ठिकाणं वेगवेगळी मोजायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. एकाच रविवारी केबल, सेटिंग आणि डिस्क तिन्ही बदललं आणि वेग वाढला, तर कशामुळे वाढला ते कधीच कळत नाही.

चाचणीसाठी एक अखंड मोठी फाइल घ्या, पाच ते दहा जीबीचा व्हिडिओ असला की झालं. फोटोंनी भरलेला फोल्डर घेऊ नका, त्याचं दुखणं वेगळं असतं. लॅपटॉप तारेने जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. दोन्ही चालू ठेवले तर डेटा कुठल्या वाटेने गेला याची खात्री देता येत नाही. सर्व्हरकडून घेताना आणि सर्व्हरला देताना, दोन्ही दिशांचा आकडा लिहा. देताना पहिल्या काही सेकंदांतला आकडा धरू नका, कारण तेव्हा डेटा सर्व्हरच्या रॅममध्ये भरला जात असतो. रॅम भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. तसंच तीच फाइल दुसऱ्यांदा सर्व्हरकडून घेतली तर ती रॅममधूनच येऊ शकते आणि आकडा फुगतो. दर वेळी वेगळी फाइल घ्या.

तार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या भागात तर नक्कीच.

पहिलं काम, लाइन किती वेगाने जुळली आहे ते बघणं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क-इथरनेटच्या पानावर 'लिंक स्पीड' दिसतो: १०००/१००० किंवा १००/१००. लिनक्सवर 'एथटूल' ही आज्ञा देऊन पुढे कार्डाचं नाव लिहा. कार्डाचं नाव 'आयपी लिंक' दिल्यावर दिसतं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना रोमन लिपीत टंकायच्या.) उत्तरात वेग १००० आणि डुप्लेक्स 'फुल' (म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक) हवं. लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडे बघा, कारण मधल्या एका तुकड्याने मान टाकली तरी सगळी वाट शंभरची होते.

शंभर का होतं? केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, सैल झाली किंवा गंजली, तरी इंटरनेट झकास चालतं, व्हिडिओ चालतात, कुणाला शंका येत नाही. दोन्ही टोकं गपचूप शंभरवर तडजोड करतात. फक्त फाइल सर्व्हरच तेवढा रडतो.

आता दोष कुठे ते शोधायचं. सोपं ते आधी:

१. लॅपटॉपजवळची छोटी पॅचकॉर्ड बदला. पायात येणारी, खुर्चीखाली चेपलेली केबल पहिली संशयित.

२. स्विच किंवा राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या बऱ्याच स्वस्त डब्यांत एकच भोक गिगाबिटचं असतं, बाकीची शंभरची. डब्याच्या मागे 'जीई' लिहिलेलं गिगाबिटचं, 'एफई' लिहिलेलं शंभरचं. एफई भोकात सोन्याची केबल लावली तरी अकराच मिळणार. इलाज म्हणजे पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच. लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्ही त्यात लावा, आणि स्विचमधून एकच तार इंटरनेटच्या डब्याला द्या. मग घरातल्या फायली त्या डब्यातून जातच नाहीत.

३. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल आणि यूएसबीचा डोंगल लावत असाल तर तो गिगाबिटचा आहे का, आणि यूएसबी ३ च्या भोकात आहे का, बघा. बाजारातले सगळ्यात स्वस्त डोंगल शंभरचेच असतात.

४. हे सगळं बरोबर असेल तर लॅपटॉप उचला, सर्व्हरजवळ जा आणि नवीन छोट्या केबलने थेट जोडा. आता लिंक हजारची झाली तर दोष भिंतीतल्या लांब केबलमध्ये आहे.

आत्याकडे चौथ्या पायरीला उत्तर मिळालं. माडीवरून खाली येणारी केबल खिडकीतून बाहेर काढून पागोळीखालून आणली होती. कनेक्टर खिडकीच्या चौकटीत, नेमका झड येते तिथे. तांब्यावर हिरवट थर चढला होता. खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको, जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते तिथे कनेक्टरची काय कथा. टोक वीतभर कापून टाकलं आणि नवीन कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे खास पकडीने दाबून बसवला.

क्रिंप करताना रंगांचा क्रम पाळा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खुटी खाली, सोनेरी दात पलीकडे आणि केबल घालायचं तोंड आपल्याकडे धरून डावीकडून उजवीकडे. काही कारागीर "दोन्हीकडे सारखं केलं की झालं" म्हणतात आणि रंग ओळीने लावून मोकळे होतात. त्यांचा टेस्टर आठही दिवे दाखवतो आणि तरीही केबल बिघडलेलीच असते. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते बघतो. एका जोडीतल्या तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या असतात, त्या पिळानेच बाहेरचा गोंगाट कापला जातो. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी जावी लागते. ती मोडली की पीळ वाया जातो आणि वेगाने पाठवलेला डेटा गढूळ होतो. पीळ सोडवायचा तोही कनेक्टरपाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही.

केबल नवीन घेणार असाल तर कॅट-५ई किंवा कॅट-६, शुद्ध तांब्याची. गिगाबिट दोन्हींवर शंभर मीटरपर्यंत चालतं, त्यामुळे घरासाठी कॅट-७, कॅट-८ च्या जाहिरातींना भुलू नका. भुलायचं नाही ते दुसऱ्या गोष्टीलाही: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल, जिच्यावर 'सीसीए' छापलेलं असतं किंवा मुद्दाम छापलेलं नसतं. तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग निघाला तर दुकानदाराला परत द्या.

आणखी दोन स्थानिक शत्रू. एक उंदीर आणि घुशी. कौलारू घरात माळ्यावरून केबल नेली असेल तर ती पीव्हीसी पाइपातून न्या. दुसरा वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जो कडकडाट होतो त्यात वीज थेट अंगावर पडायची गरज नसते, जवळ पडली तरी दोन इमारतींमध्ये उघड्यावर टांगलेल्या लांब तांब्याच्या तारेत झटका येतो. कधी पोर्ट पूर्ण जळतं. कधी अर्धवट जगतं आणि त्यानंतर शंभरवरच जुळतं. म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत किंवा समोरच्या मळ्यातल्या खोलीपर्यंत लाइन न्यायची असेल तर फायबर ओढा आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या तारेतला सिग्नल प्रकाशात आणि उलट बदलणारे डबे) बसवा. काचेतून वीज जात नाही.

तार खरंच बरी झाली का

लिंक हजारची दिसली म्हणजे झालं असं नाही. डिस्क आणि सांबा बाजूला ठेवून फक्त वाट मोजणारं एक मोफत साधन आहे, आयपर्फ३. ते दोन्ही यंत्रांवर घाला. सर्व्हरवर 'आयपर्फ३ -एस' चालवा, लॅपटॉपवर 'आयपर्फ३ -सी' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. दहा सेकंदांत आकडा येतो. नंतर शेवटी '-आर' (मोठ्या लिपीतला) जोडून उलट्या दिशेने मोजा. निरोगी गिगाबिट लाइन ९४० मेगाबिटच्या आसपास देते. एका दिशेला ९४० आणि दुसऱ्या दिशेला २०० असं काही दिसलं तर केबल, पोर्ट किंवा कार्डात अजून खोट आहे. 'आयपी -एस लिंक' दिल्यावर चुकांची संख्या दिसते. चाचणीच्या आधी आणि नंतर बघा, ती वाढत असेल तर केबलला पुन्हा हात घाला.

आत्याकडे ९४१ आला. मी चहा घेतला, मोठ्या रुबाबात फाइल कॉपी केली, आणि आकडा अडतीसवर जाऊन बसला.

डिस्क

एक गळती बुजवली की पाणी पुढच्या भगदाडापर्यंत पोचतं, मग ते दिसतं. लाइन अकराची होती तोवर डिस्क अडतीसची आहे हे कळायला मार्गच नव्हता.

'एलएसयूएसबी -टी' चालवा. डिस्कच्या ओळीत ४८०एम दिसलं तर ती यूएसबी २ वर चालतेय, ५०००एम दिसलं तर ३ वर. आत्याच्या डेस्कटॉपला पुढे दोन काळी, यूएसबी २ ची भोकं होती, मागे दोन निळी, यूएसबी ३ ची. साफसफाईत कुणीतरी डिस्क काढून सोयीच्या, पुढच्या भोकात घातली होती. मागे लावली. कधी भोक बरोबर असतं आणि केबल जुनी असते, तेव्हा केबल बदलून बघा.

मग डिस्कचा स्वतःचा वेग मोजा. वाचण्यासाठी 'एचडीपार्म -टी' आणि डिस्कचं नाव. इथे 'टी' लहान लिपीतलाच हवा, मोठा दिला तर रॅमचा वेग मोजला जातो आणि हजारोंचा आकडा बघून माणूस खूश होतो. लिहिण्यासाठी 'डीडी' वापरून रॅमच्या दुप्पट आकाराची फाइल बनवा आणि शेवटी 'कॉन्व्ह=एफडेटासिंक' जोडा, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत ती थांबते. 'डीडी'त लिहिण्याचं ठिकाण दोनदा वाचा. फाइलच्या जागी डिस्कचंच नाव गेलं तर लग्नाचे फोटो गेले. डिस्कची मांडणी (फाइल सिस्टिम) झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल आणि तिच्यावर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांनी भरलेली फाइल खोटा आकडा देते, तिथे खरा व्हिडिओच वापरा.

अडीच इंची फिरती डिस्क रिकामी असताना शंभरच्या आसपास देते आणि भरत गेली की आतल्या वर्तुळांवर वेग निम्म्यापर्यंत उतरतो. हा दोष नाही, चकतीची भूमिती आहे. पण काही डिस्कवर पहिले काही जीबी झपाट्याने जातात आणि मग वेग एकदम वीस-तीसवर कोसळतो. ती बहुधा एसएमआर जातीची, म्हणजे कौलांसारख्या एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्यांची डिस्क असते. साठवून ठेवायला चालते, रोज लिहायला नाही. डिस्क मध्येच काही सेकंद गप्प बसत असेल तर 'स्मार्टसीटीएल -ए' चालवून 'पेंडिंग सेक्टर'ची, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या संशयित जागांची, ओळ बघा. तिथे शून्याखेरीज काहीही असलं तर वेगाचा विषय सोडा, आधी बॅकअप घ्या.

विंडोजमधून काढलेली एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीची) डिस्क तशीच लिनक्सला लावलेली असते, हाही नेहमीचा प्रकार. जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर प्रोसेसर खातो. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) एनटीएफएस३ हा वेगळा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला आहे, तो बरा. पण डिस्क कायम सर्व्हरवरच राहणार असेल तर डेटा दुसरीकडे ठेवून ती ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या मांडणीची, करून टाका. फक्त एक सांभाळा: ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. 'कै. आजोबांच्या नावावरील खानापूर तालुक्यातील...' असं सुरू होणारं लांबलचक नाव विंडोजवर चालेल आणि इथे कॉपी होताना अडेल.

पेटी

डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा, एका पाटीवरचा संगणक वापरत असाल तर कुठला ते बघा. ३बी वर लॅनच शंभरचं आहे. ३बी+ वर गिगाबिट लिहिलंय, पण ते आतून यूएसबी २ वर बसवलेलं असल्याने ३०० मेगाबिटच्या आसपास थांबतं. २०१९ चा पाय ४ हा खऱ्या गिगाबिटचा पहिला. पाय ४ ला मोबाइलचा चार्जर लावू नका, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावा, आणि डिस्कला शक्यतो स्वतंत्र वीज द्या. व्होल्टेज कमी पडलं की पाय स्वतःचा वेग उतरवतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' दिल्यावर ०एक्स० खेरीज काही आलं तर वीज किंवा उष्णता.

सांबा

तार ९४०, डिस्क १०० च्या वर, तरी कॉपी रखडते. आता कुठे सांबाला हात लावायचा. बहुतेक लोक सुरुवात इथूनच करतात आणि नेटवरून उचललेल्या ओळी सेटिंगच्या फायलीत ओततात. त्यातली सगळ्यात वाईट 'सॉकेट ऑप्शन्स'ची, बफरचा (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेचा) आकार ८१९२ वगैरे ठरवणारी. ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांसाठी होती. आजचं लिनक्स बफर स्वतः वाढवतं, ही ओळ त्याचे हात बांधते. काढून टाका, 'टेस्टपार्म' चालवून फाइल तपासा आणि सांबा पुन्हा सुरू करा.

कॉपी चालू असताना सर्व्हरवर 'टॉप' उघडा. 'एसएमबीडी', म्हणजे सांबाचा प्रोग्राम, प्रोसेसरचा एक कोर पूर्ण खात असेल तर बहुधा एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करून पाठवणं) किंवा सायनिंगचं (वाटेत बदल झाला नाही हे पटवणाऱ्या सहीचं) ओझं आहे. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची खास सोय नाही, तिथे एन्क्रिप्शन महाग पडतं. फक्त घरातल्या माणसांच्या नेटवर्कवर एन्क्रिप्शन बंद ठेवायला माझी हरकत नाही. सायनिंग मात्र विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या स्वतःच मागतात, ते राहू द्या. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (डेटा ऑफिसच्या वाटेने वळवणारी सोय) चालू आहे का, तेही याच वेळी बघा.

फोटोंचा फोल्डर मोठ्या फाइलपेक्षा हळू जाणारच. प्रत्येक फाइलमागे उघडा, लिहा, तारीख लावा, बंद करा असे निरोप जातात-येतात, शिवाय लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतो. दहा हजार छोट्या फायली असतील तर झिप करून एकच गाठोडं न्या. आणि एकाच फोल्डरमध्ये पन्नास हजार फोटो साठवू नका. विंडोजला लहान-मोठं अक्षर सारखंच असल्याने एक नाव शोधायला सांबाला अख्खा फोल्डर चाळावा लागू शकतो. वर्षाप्रमाणे फोल्डर करा.

वायफायबद्दल थोडंच

लाल चिऱ्याची हातभर जाड भिंत ५ गिगाहर्ट्झला मानवत नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झ भिंत ओलांडून आलं तरी जुन्या वायफाय ४ च्या, एका अँटेनाच्या, २० मेगाहर्ट्झच्या जोडणीवर ७२ मेगाबिटच दाखवतं. हातात येतात त्याच्या निम्मे, म्हणजे चार-पाच एमबी. सर्व्हर स्वतः कधीही वायफायवर ठेवू नका. सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्ही वायफायवर असले की तोच डेटा एकाच हवेतून दोनदा जातो, वेग आणखी अर्धा. राउटर माडीवर आणि माणसं खाली असतील तर खाली तार नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लावा. तारेशिवाय जोडलेला रिपीटर घेऊ नका.

जम्बो फ्रेमच्या, म्हणजे डेटा नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवायच्या सेटिंगच्या, वाटेला जाऊ नका. एका यंत्रावर लावली आणि दुसऱ्यावर राहिली तर जोडणीच अर्धवट लटकते, आणि मिळणारा फायदा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा. २.५ गिगाबिटचा स्विचही तेव्हाच घ्या जेव्हा सर्व्हरमध्ये एसएसडी असेल. फिरती डिस्क शंभर देत असेल तर रस्ता रुंद करून गाडी तीच.

आत्याकडे शेवटी आकडा १०४ वर स्थिरावला. लग्नाचे फोटो मी एका झिपमध्ये बांधले, ४० जीबी. अकराच्या वेगाने त्याला तास लागला असता, सहा-साडेसहा मिनिटांत उतरले. डब्यावर एक कागद चिकटवलाय: तारीख, लिंक १०००, आयपर्फ ९४१, डिस्क १०८, कॉपी १०४, आणि खाली ठळक अक्षरांत 'डिस्क मागच्या निळ्या भोकातच'. वळीव होऊन गेला की आतेभाव चारही आकडे पुन्हा घेतो आणि मला पाठवतो. यंदा मेमध्ये त्याच्या मेसेजमध्ये लिंक पुन्हा १०० आली होती. स्विचचं तिसरं भोक गेलं होतं, चौथ्यात घातलं.